एबीएसचा दिवा लागायलाय अन् गाडी थांबता थांबता पेडल थरथरतं

प्रश्न (गंगाखेड):
नमस्कार मंडळी. २०११ ची डिझेल गाडी, दीड लाख किलोमीटरच्या वर झाली. महिन्यापासून एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा मधूनच लागायलाय. पण भीती दिव्याची नाही. दिवा नसताना, कोरड्या रस्त्यावर, गाडी अगदी थांबायला आली की पेडल पायाखाली टरटर करतं आणि गाडी हातभर पुढं सरकते. परवा चौकात समोर शाळेचं पोरगं होतं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

गॅरेजवाला एबीएसचं मॉड्युल (ब्रेकचा दाब सांभाळणारा संगणकी डबा) गेलं म्हणतो, ३५ हजार सांगतो. सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत. ब्रेक ऑइल पातळीत आहे, पॅड नवे आहेत. मल्टिमीटर आहे, शेतातल्या मोटारीचं स्टार्टर मीच दुरुस्त करतो. घरी काय तपासू?

उत्तर (लातूर, ऑटो इलेक्ट्रिशियन):
दादा, मॉड्युलला हात लावू नका. हळू वेगात थरथर म्हणजे एका चाकाचा सिग्नल तुटायलाय. संगणकाला वाटतं चाक जाम झालं, म्हणून तो त्या चाकाचा दाब सोडतो. गाडी सरकते ती त्यामुळं.

सुरुवात पुढच्या चाकांपासून करा. मागच्या चाकांना दगड लावा, गाडी उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर चुंबक-वेटोळ्याचा असेल तर प्लग काढून ओहम मोजा. साधारण १ ते दीड हजार येतात, पण डावा-उजवा सारखा येणं जास्त महत्त्वाचं. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हातानं फिरवा, व्होल्टेज उठलं पाहिजे. हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) सेन्सर असेल तर ओहम मोजू नका, त्यातून काही कळत नाही. आपल्याकडची काळी माती हबवर वाळून दगड होते, तीही खरवडून काढा.

उत्तर (नांदेड):
स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणू नका, त्यातले बरेच फक्त इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतात. एबीएस वाचणारा मिळाला तर चारही चाकांचा वेग एकाच वेळी बघा. हळू होताना जे चाक आधी शून्यावर पडतं, तिथं दुखणं. आणि हँडब्रेकचा लाल दिवाही सोबत लागला तर गाडी जागेवरच ठेवा.

गंगाखेड:
रविवारी बसलो. डावा १,१४०, उजवा १,१२० ओहम. म्हणजे सेन्सर दोन्ही ठीक. पण उजवं चाक फिरवलं की प्रत्येक फेऱ्यात एकदा व्होल्टेज खाली जातं. टॉर्च मारली तर एक्सलवरची दातेरी कडी, जिच्या दातांवरून सेन्सर वेग मोजतो, ती गंजून तडकलेली, फटीत नख जातंय!

लातूर:
सापडलं. कडीखाली गंज फुगला की ती अशीच फुटते. नवी घेताना दात मोजून घ्या, एक दात कमी-जास्त झाला तरी त्या चाकाचा वेग चुकीचा दिसतो. बसवायच्या आधी जुना गंज पूर्ण काढा, कडी गरम करून बसवा, हातोडीनं ठोकू नका. वेल्डिंग तर अजिबात नको. नंतर मोकळ्या माळावर नेऊन दहाच्या वेगातून चार-पाच वेळा थांबवून बघा, मगच गावात आणा.

गंगाखेड:
कडी परभणीत मिळाली, ४८ दातांची, जुनीएवढीच. बसवली. माळावर दहा वेळा थांबवली, पेडल शांत आहे.