मदत हवी आहे: नहपानाच्या चेहऱ्यावरचा ठसा मुद्दाम की सोयीने?

नाण्यांवरचे राजांचे चेहरे आणि सत्ता या विषयावर शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करतोय. उदाहरण घेतलंय १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या चांदीच्या नाण्यांचं. एका बाजूला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. १३,००० हून अधिक नाण्यांपैकी बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने डोंगराचं आणि उज्जैन चिन्ह (चार टोकांना वर्तुळं असलेली फुली) पुन्हा ठोकलं. स्वतःचा चेहरा नाही! पुढे त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावीने मात्र चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा आणला.

‘शत्रूचं तोंड पुसलं’ असं लिहायचा मोह होतोय (मुलांना आवडेलच). पण फोटो मोठे करून पाहिले तर काही नाण्यांवर ठशाखालून नाक-डोळा चक्क दिसतो. चलन आता आपलं, एवढंच सांगायचं असेल तर वितळवण्यापेक्षा हे स्वस्तच.

नहपान कोण वगैरे माहिती आहे, ती नको. प्रत्यक्ष नाणी पाहणं सध्या शक्य नाही. ज्यांनी ती हाताळली आहेत त्यांनी सांगा: डोंगराचा ठसा ठरवून चेहऱ्याच्याच बाजूला मारलेला दिसतो, की कुठल्याही बाजूला?