अलार्म रात्री उगाच वाजतोय, सेन्सर बदलू की जागा?

मंडळी जरा मदत हवीये. घराला अलार्म सिस्टीम बसवून घेतलीये, रीतसर कंपनीकडून, २४ तास मॉनिटरिंगसकट. दारांना मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट (दार उघडलं की कळवणारे), हॉलमध्ये आणि जिन्यात पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे. पहिले दोन महिने काही कटकट नव्हती, पण आता आठवड्यातून दोनदा तरी रात्री तीनच्या सुमाराला सायरन बोंबलतो, मग कंट्रोल रूममधून फोन, मी झोपेत पासवर्ड आठवत बसतो आणि तोवर शेजारचे दिवे लागलेले. लॉग बघितला तर दरवेळी हॉलचाच झोन. काल स्टुलावर चढून बघितलं तर सेन्सरच्या भिंगावर कोळ्याने बारीक जाळं विणलेलं, ते पुसलं, पण समोरच एसीपण आहे आणि पीआयआर तर उष्णतेतला बदलच पकडतो, मग नक्की दोषी कोण?

इन्स्टॉलर म्हणतो सेन्सिटिव्हिटी कमी करतो, पण मग खरा चोर आला तर तोही सुटायचा की! त्यापेक्षा ड्युअल टेक, म्हणजे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल टिपणारा) दोन्ही ट्रिगर झाले तरच वाजणारा, तो बसवावा का, की नुसती जागा बदलून भागेल? स्वतःच हलवणार होतो पण आत टॅम्पर स्विच आहे, झाकण उघडलं की परत बोंब.

आणि हो, अलार्मचं मुख्य पॅनल फक्त वायफायवरून सिग्नल पाठवतं. राउटर बंद पडला तर कंट्रोल रूमला कळतं का? सिमकार्डचा बॅकअप घेतलाय का कुणी?