गाडी गेली तरी हप्ता राहतो

कर्जावर घेतलेली गाडी अपघातात गेली, विम्याचे पैसेही मिळत नाहीत; गाडीच उरली नाही, मग हप्ते कशाला भरायचे, हा तुमच्या भावाचा प्रश्न समजू शकतो. पण कर्ज त्याच्या नावावर आहे, गाडी नुसती तारण. हप्ता थांबवू नका, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, लगेच डाग पडतो.

माझ्या चुलतभावाचं अगदी असंच झालं. आरसीवर बँकेचा बोजा, आणि गाडी गॅरेजमागे पडलेली, बॉनेट थेट काचेपर्यंत दुमडलेलं. पॉलिसीवर तीन वर्षांची तारीख होती, म्हणून तो निर्धास्त. ती तारीख फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याची! 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावी लागते. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, मात्र बहुधा वर्षाचाच असतो, आणि तो संपलेला. कितीजण इथेच फसतात, बघून जीव तुटतो.

आता करायचं काय? चूक समोरच्याची असेल तर एफआयआर, फोटो, दुरुस्तीचा अंदाज जपून ठेवा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच्या विमा कंपनीविरुद्ध अर्ज करा. तिथे गाडीच्या नुकसानीचाही दावा करता येतो. वकील गाठाच.

बँकेला लेखी कळवा. भंगारात परस्पर विकू नका, बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते. विक्रीचे पैसे कर्जात वळते करून उरलेल्या रकमेचे हप्ते लहान करून मागा. ‘सेटलमेंट’ला, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवायला, मात्र घाईने हो म्हणू नका, तो शेराही सिबिलवर राहतो.