मुंबईत नादारीचा (कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचा) अर्ज केल्यास राहती खोली, शिलाई मशीन आणि पीएफ यांचे काय होते?

लालबागकर : शिवणकामाचे दुकान बंद पडल्यापासून वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड आणि उसनवारी मिळून माझ्यावर १४ लाखांचे देणे झाले आहे. माझ्या नावावर एक खोली आहे, तिच्यावर बोजा नाही. दोन शिलाई मशिने आहेत, आणि जुन्या नोकरीतला पीएफ अजून काढलेला नाही. शहरातले २० लाखांपर्यंतचे घर नव्या कायद्यात सुटते, असे शेजारी सांगतात. ते खरे नसेल, तर खोली आधीच बहिणीच्या नावे करून ठेवावी काय?

वकील, फोर्ट : ती सवलत २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील आहे, परंतु त्या संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला आहे. आपल्याला मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी कायदाच लागू होतो आणि अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो. त्याच्या कलम ५२ प्रमाणे धंद्याची अवजारे, आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि घरातील सामान एवढेच सुटते, तेही मूळ कायद्यात सगळे मिळून ३०० रुपयांपर्यंत. आज त्यात शिलाई मशिनाचा पायसुद्धा बसणार नाही. राहत्या घराचा तर त्यात उल्लेखच नाही, म्हणून खोली ऑफिशियल असायनीकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाईल असे धरूनच निर्णय घ्यावा.

पीएफची गोष्ट वेगळी आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम १० मध्ये ऑफिशियल असायनीचे नाव घेऊनच त्याला या रकमेवर हक्क नाकारलेला आहे, तेव्हा ती रक्कम तूर्त खात्यातच राहू द्यावी.

गिरगावकर : बहिणीच्या नावे करण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. नादार ठरण्यापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण १९०९ च्याच कायद्याच्या कलम ५५ खाली असायनीविरुद्ध टिकत नाही. आमच्या नात्यात असेच बक्षीसपत्र करून ठेवले होते; खोली गेलीच, शिवाय मुद्रांक शुल्कही वाया गेले.

लालबागकर : लग्नानंतर पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेली एक विमा पॉलिसीही आहे. तिचे काय?

वकील, फोर्ट : तो लाभ पॉलिसीवरच नमूद असेल, तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तो विश्वस्त निधी ठरतो आणि धनकोंच्या वाट्याला येत नाही. केवळ नामनिर्देशन केलेले असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. पॉलिसीची मूळ प्रत पाहिल्याशिवाय अर्जावर सही करू नये.