मदत हवी आहे : लाकूड कोरायचं मशीन कोणतं घ्यावं? (यवतमाळ जिल्हा)

घाटंजीकर
नमस्कार. बाबांसाठी लाकूड कोरायचं मशीन घ्यायचं आहे. बजेट पाच हजारांच्या आत. छोट्या ग्राइंडरला कोरायची चकती लावून भागेल की पेनासारखं हातात धरायचं रोटरी घ्यावं? मी पुण्यात असतो, शनिवारी गावी जातोय, त्याआधी ऑर्डर टाकायची आहे. दवाखान्यातून आल्यापासून त्यांचं मन याच कामात लागतं. प्लीज लवकर सांगा.

रंधापटाशी
काय कोरतात ते सांगा ना. देव्हारा, नेमप्लेट, खेळणी? लाकूड कोणतं? हात बसलेला आहे की नवीन? ग्राइंडरने ढोबळ लाकूड झटपट निघतं, रोटरीने बारीक नक्षी होते. दोघांचं काम वेगळं आहे.

घाटंजीकर
तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं मिरवतात ते लाकडी बैल करतात. आजोबा गावचे वाढई होते, वखर-तिफण करायचे. त्यांची हत्यारं घरी आहेत. बाबांनी जन्मभर शेतीच केली, लहानपणी पाहिलं तेवढंच. लाकूड घरचंच, बाभूळ आणि जुन्या चौकटीचा साग. बैलाचे पाय सारखे मोडतात, मग चिडतात. म्हणून मशीन.

वऱ्हाडी वाढई
पाय मशीननं नाई वाचत भाऊ. लाकडाची रेघ पाहा लागते. एकाच ठोकळ्यातून बैल काढला की पाठीची रेघ आडवी, अन् पायातबी तेच आडवी येते. जरासा ठोका बसला की कटकन मोडते. पाय अलग करा, उभ्या रेघेचे. पोटाले खालून भोकं पाडून फेविकोल लावून बसवा. शिंगंबी तसेच. आन बाभूळ काहून देता कोरायले? ते वखराले चांगली, इथं पटाशीची धार खाते. शिवण पाहा, नरम राहते अन् फाटत नाई.

रंधापटाशी
शिवण मिळते कुठे आता? जुना साग आहे तर तोच वापरा, टिकतो.

वऱ्हाडी वाढई
जुना साग शिकणाऱ्याच्या हातानं चिरते. आमच्याकडं आरा मशीनवर शिवणचे तुकडे आजबी भेटतात, विचारून तं पाहा.

उषाताई
मी गावपातळीवर आरोग्याचं काम करते. दवाखान्यातून आल्यापासून म्हणजे कशासाठी ॲडमिट होते? गोळ्या कोणत्या चालू आहेत? ग्राइंडर हातात द्यायच्या आधी हे कळायलाच हवं.

घाटंजीकर
ताई, मला मशीनचंच विचारायचं होतं. बायपोलरचा त्रास आहे, मन कधी फार तेजीत तर कधी अगदी खाली जातं. उन्हाळ्यात ॲडमिट होते, आता पुष्कळ बरे आहेत. लिथियम चालू आहे आणि रात्री झोपेची एक गोळी. हात जरा थरथरतो, पटाशी घसरते. मशीन घ्यायचं हेही एक कारण.

उषाताई
मग ग्राइंडर अजिबात नको. थरथरता हात, त्यात झोपेच्या गोळीची सकाळची सुस्ती, आणि त्या वेगाने फिरणारी चकती! लाकडात अडकली की झटका मनगटाला बसतो.
लिथियमने हात बारीक थरथरणं पुष्कळांना होतं. पण थरथर वाढली, सोबत उलटी, जुलाब, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर ताबडतोब दवाखाना. रक्तातलं लिथियम वाढलेलं असू शकतं. शेवटची तपासणी कधी झाली? अजून एक, वाकून कोरताना कंबर धरली की माणूस मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्यांनी लिथियम रक्तात साचतं. घाम गाळून पाणी कमी प्यायलं तरी तेच. जेवणातलं मीठ मनाने कमी करू नका.

सेवाग्रामवासी
मशीन नकोच, पण कारण वेगळं आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणलं, त्यातूनच नई तालीम उभी राहिली. हाताने घडवताना माणूस घडतो. मशीन आलं की तो आनंद गेला.

रंधापटाशी
तत्त्व ठीक आहे काका, पण साठीतल्या माणसाला रोटरीने सोपं जात असेल तर का अडवायचं?

पोळा_बाजार
नागपूरला तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांना जबरदस्त मागणी असते. आत्तापासून फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका. चाकाच्या पाटीवर उभा केलेला, रंगवलेला बैल हातोहात जातो. कमाई सुरू झाली की माणूस आपोआप सावरतो.

घाटंजीकर
ऑर्डर मिळालीच आहे. तालुक्यातल्या दुकानदाराने पुष्कळ बैल मागितलेत. त्यासाठीच तर बाबा रात्री दीड-दोनपर्यंत बसतात, पहाटे उठून परत ठोकायला लागतात. त्यांचा उत्साह पाहून आईलाही बरं वाटतं. आता कोणी मशीनचं नाव सांगेल का?

उषाताई
मशीन राहू द्या. झोप कमी झालीय आणि तरी थकवा नाही? बोलणं वाढलंय का? मोठमोठे बेत, पैशांचा खर्च? बायपोलरमध्ये तेजीचा झटका येताना पुष्कळदा आधी झोपच तुटते, आणि घरच्यांना वाटतं माणूस कामाला लागला. आजच आईंना विचारा, आजच डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर नाही भेटले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टर सांगेपर्यंत हत्यारं पेटीत ठेवा.

चिचपल्लीचा_बांबू
हत्यारं काढून घेऊ नका, कळकळीने सांगतो. मलाही हाच आजार आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं काम शिकलो, त्यानेच उभा राहिलो. एकदा घरच्यांनी कोयता लपवला तर माझ्यावरचा विश्वासच गेला असं वाटून मी जेवण सोडलं होतं. मला वेळ ठरवून दिल्याने फायदा झाला. दिवे लागले की काम बंद, पण सकाळी परत माझं. ऑर्डर मात्र सोडा. तारीख डोक्यावर बसली की झोप जातेच.

उषाताई
तुमचं म्हणणं पटतं. कायमचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण आज रात्री झोप यायला हवी, आणि दीड वाजता पटाशी हातात असेल तर ती येणार नाही.

पोळा_बाजार
ऑर्डर सोडण्यापेक्षा अर्धी करा. दुकानदार समजून घेतात.

घाटंजीकर
आईशी बोललो. झोपेची गोळी काही दिवसांपासून घेतच नाहीत, सुस्ती येऊन काम मागे राहतं म्हणून. लिथियम आई स्वतः हातात देते, ते चालू आहे. डॉक्टरांनी उद्या सकाळी बोलावलंय, काका घेऊन जातील. मी शनिवारची वाट न पाहता आज रात्रीच निघतोय. दुकानदाराला मीच फोन करतो, यंदा जमेल तेवढेच बैल. वाढई काका, पायाचं भोक किती खोल पाहिजे?

वऱ्हाडी वाढई
बोटाच्या एका पेराएवढं. पाय भोकात जरा कसूनच गेला पाहिजे, सैल असला तं फेविकोलबी धरत नाई. रातभर सुकू द्या. लागलं तं शिवणचा ठोकळा मी पाठवतो, यवतमाळले येणं असते माहं.

उषाताई
उद्या लिथियमसाठी रक्त द्यायचं असेल तर लिथियमच्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर, हे डॉक्टरांना फोनवरच विचारून घ्या. आणि न झोपण्याचं, गोळी सोडल्याचं काकांनी आत गेल्या गेल्या सांगायचं. बाबा स्वतः 'मी एकदम बरा आहे' एवढंच म्हणतील.