सायकलचा पट्टा मधल्या रस्त्यात, धोका चौकात

त्रिमूर्तीनगर_आई

माझी मुलगी नववीत आहे. नागपुरात त्रिमूर्तीनगरहून लक्ष्मीनगरला ट्यूशनला सायकलनं जाते. गेल्या महिन्यात एका चौकात ती डाव्या कडेनं सरळ चालली होती, तिच्या उजवीकडून आलेली गाडी तिच्या पुढ्यातूनच डावीकडे वळली. पुढचं चाक वाकलं, कोपराला सहा टाके पडले. गाडीवाला सारखा म्हणत होता, "दिसलीच नाही हो." मला ते खरं वाटतं. वळताना त्याची नजर समोर आणि उजवीकडे होती, मुलगी त्याच्या डाव्या दाराला लागून होती.

तेव्हापासून मी चौक वेगळ्या नजरेनं बघते. शहरांत सायकल चालवणं वाढावं म्हणून केंद्रानं 2020 मध्ये काढलेल्या 'सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात देशातल्या निवडक 11 शहरांत नागपूर होतं, याचा मलाही अभिमान वाटला होता. पण रंगवलेला पट्टा दोन चौकांच्या मधे असतो. चौक आला की पट्टा संपतो, आणि सायकलवाला सगळ्यात जास्त सापडतो तो तिथेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रॅकचे किलोमीटर मोजू नका, दुरुस्त केलेले चौक मोजा. आपल्या चौकांचे कोपरे इतके मोठे गोल कापलेत की गाडी वेग न सोडता डावीकडे वळते. कोपरा आवळला तर तिला हळू व्हावंच लागेल. सायकलनं रस्ता ओलांडायची जागा चौकापासून एक गाडी मावेल एवढी मागे घ्यावी. म्हणजे गाडी आधी वळून घेईल आणि सायकल तिच्या काचेसमोर येईल, दाराशी नाही. ती जागा फुटपाथच्या उंचीला आणली तर आणखी चांगलं. यात रुंदीकरण नाही, कोणाचं घर पाडायचं नाही.

चारचाकी_धरमपेठ

ताई, मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. लवकर बरी होवो.

तरी मी ट्रॅकच्या विरोधात आहे. दिल्लीत 2008 ला बीआरटीसोबत, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेसोबत, सायकल ट्रॅक केले, त्यात मोटारसायकली घुसल्या, 2016 मध्ये तो कॉरिडॉरच उखडला. खांब लावून अडवू म्हणाल, तर सायकलच्या आणि अ‍ॅक्टिव्हाच्या हँडलच्या रुंदीत फार फरक नाही. जिथून सायकल जाईल तिथून तीही जाईल. आणि धरमपेठेत ट्रॅकसाठी पार्किंग काढलं तर गाड्या गल्लीत येतात, आमच्या फाटकासमोर. आई 78 वर्षांची आहे. तिला दवाखान्यात न्यायला गाडी काढताना काय होतं ते मी रोज बघतो.

त्यापेक्षा आतल्या रस्त्यांवर वेग 30 वर आणा. 50 च्या वेगातल्या धक्क्याची ऊर्जा 30 च्या पावणेतीन पट असते. वेग उतरला की वेगळ्या ट्रॅकची गरजच उरत नाही. आणि मे महिन्यात 45 अंशांत चालवणार तरी कोण?

पानापक्कड

मे महिन्यात कोण चालवते ते मी सांगतो भाऊ. हिंगणा रोडले माझं सायकलचं दुकान आहे, वडलांपासून. एमआयडीसीत पहिल्या पाळीले जाणारे सकाळी सहाले पंक्चर घेऊन येतात, मे असो का डिसेंबर. त्यायले पेट्रोल परवडत नाही म्हणून ते सायकल चालवतात, हौस म्हणून नाही. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी देशात 13 टक्क्यांच्या आसपास लोक सायकलनं कामावर जात होते. हे लोक मीटिंगले येत नाहीत, म्हणून कोणाले दिसत नाहीत.

पण ताई, चौकाच्या आधी कड पाहा. सिमेंटचा रस्ता बाजूच्या गट्टूपेक्षा, म्हणजे पेव्हर ब्लॉकपेक्षा, चार बोटं वर. मागून ट्रकनं हॉर्न दिला की माणूस खाली उतरते, अन् परत वर चढाले जाते तेव्हा पडते. चाक त्या कडेले तिरपं लागलं की चढतच नाही, कडेकडेनं घसरते. नालीच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं बसवल्या की बारीक चाक त्यात बसते. जाळी आडवी फिरवून बसवाले कितीसा खर्च येते? माझ्याकडे वाकलेल्या रिम येतात, त्यातल्या बऱ्याच या कडेच्या अन् जाळीच्या आहेत.

त्रिमूर्तीनगर_आई

दादा, कडेचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हे आधी व्हायला हवं, मान्य.

चारचाकी, वेगाबद्दल आतल्या गल्ल्यांपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण वर्धा रोडवर, हिंगणा रोडवर 30 कोण पाळणार? तिथे ट्रक, बस आणि सायकल एकाच डांबरावर चालतात, तिथे वेगळी जागाच लागते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं 1962 मध्येच सायकल ट्रॅक किमान दोन मीटरचा असावा असं लिहून ठेवलंय, म्हणजे ही कल्पना परदेशातून काल आलेली नाही. मोटारसायकल ट्रॅकमध्ये शिरेल, तेही खरं. पण ओलांडायची जागा उंच असली की तिचाही वेग तिथे उतरतो. दिल्लीतलं उखडलं म्हणून आपण चौक तसेच ठेवायचे, हे मला पटत नाही.

सेमिनरी_हिल्स_सकाळ

मी रविवारी फुटाळा तलावापर्यंत सायकल चालवणारा, हेल्मेट, दिवे, सगळं असलेला. मला ट्रॅक नसला तरी चालेल. हिंगणा रोडच्या रात्रपाळीवाल्याच्या सायकलला मागे साधा लाल रिफ्लेक्टर नसतो. पहिला ट्रॅक तलावाच्या कडेला करायचा की एमआयडीसीच्या रस्त्याला, हे ठरवताना कृपया आमच्याकडे पाहू नका.

चारचाकी_धरमपेठ

चौकाचा कोपरा आवळायचं पटलं. कडेचंही. हिंगणा रोडला वेगळा ट्रॅक करा, माझी हरकत नाही. धरमपेठेतलं पार्किंग काढायला मात्र माझा विरोध कायम आहे. आधी गाड्या कुठे लावायच्या ते ठरवा, मग पट्टा मारा.

पानापक्कड

ताई, पोरीची सायकल घेऊन या. चाक सरळ करून देतो, मागे रिफ्लेक्टर पण लावतो.