टॉवरवर ६४ अँटेना असताना स्फिअर डिकोडर करायचा कशाला?

जुळेसोलापूरकर:
मावसभाऊ इथंच सोलापुरात ईएनटीसीच्या लास्ट इयरला आहे, प्रोजेक्ट घेतलाय मायमो डिटेक्शनचा, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर चार अँटेनातून चार वेगळे स्ट्रीम सोडायचे आणि पलीकडे चार अँटेनांवर जे सगळं एकात एक मिसळून येतं त्यातून कुठल्या स्ट्रीममध्ये काय होतं ते ओळखायचं. गाईड सरांनी सांगितलंय स्फिअर डिकोडरच कर, म्हणजे सगळ्या शक्यतांच्या झाडावर सर्च करून सगळ्यात जवळचं उत्तर शोधायचं; एमएमएसई, म्हणजे नॉइज धरून एका मॅट्रिक्सनं गुणून स्ट्रीम वेगळे करायचे, ते आता जुनं झालं. मला हे पटत नाही. संशोधक थॉमस मार्झेटांनी २०१० सालीच दाखवलं की बेस स्टेशनवर युजरच्या मानानं भरपूर अँटेना ठेवल्या तर एमएमएसईसारखं साधं लिनियर प्रोसेसिंगच पुरतं, कारण प्रत्येक युजरचं चॅनेल दुसऱ्यापासून आपोआप वेगळं पडत जातं. ६४ अँटेना आणि ८ युजर असले की ८ बाय ८ चं एक मॅट्रिक्स सोडवायचं, विषय संपला. मग पोरांना ट्री सर्च करत रात्र रात्र का जागवायचं? बोला.

अक्का_आरएफ:
टॉवरचं खरंय, पण खिशातल्या फोनला ६४ अँटेना कुठून आणणार? फोनला चार, स्ट्रीमही चार. झीरो फोर्सिंग म्हणजे नॉइजचा विचार न करता चॅनेलचं मॅट्रिक्स सरळ उलटं करायचं; त्याची डायव्हर्सिटी, म्हणजे सिग्नल वाढवल्यावर एरर किती वेगानं पडतो तो आकडा, म्हणजे रिसीव्ह अँटेना वजा स्ट्रीम अधिक एक. तुमच्या ६४ बाय ८ ला ती येते ५७, म्हणून तिथं काहीही चालतं. चार बाय चारला येते १. मॅक्सिमम लाइकलीहूडला (एमएल, सगळी कॉम्बिनेशन तपासून सगळ्यात जवळचं निवडायचं; स्फिअर डिकोडर तेच उत्तर कमी कामात काढतो) ४. म्हणजे एरर दुरुस्त करणारं कोडिंग नसलेल्या रॅले फेडिंगमध्ये (सिग्नल सतत कमीजास्त होणारं चॅनेल), सिग्नल चांगला असताना, एसएनआर (नॉइजच्या मानानं सिग्नल) अजून १० डीबी वाढवला की झीरो फोर्सिंगचा एरर १० पट कमी होतो आणि एमएलचा १०,००० पट. हाय एसएनआरला एमएमएसईचा उतारही झीरो फोर्सिंगसारखाच.

आणि का होतं ते हातानं करून बघा, कॅल्क्युलेटर पण नको. दोन बाय दोनचं चॅनेल घ्या, पहिली ओळ १ आणि ०.९, दुसरी ०.९ आणि १. डिटरमिनंट फक्त ०.१९. इन्व्हर्स काढला की आकडे येतात ५.२६ आणि उणे ४.७४, दोघांचे वर्ग करून बेरीज ५०. म्हणजे स्ट्रीम वेगळे करता करता नॉइज ५० पट झाला, १७ डीबी गेले. एवढं घालवून वर म्हणायचं पुरतं!

कडक_भाकरी:
अक्कांनी सकाळी सकाळी पेपरच काढला बे 😄

जुळेसोलापूरकर:
अक्का, तुमचंच उदाहरण घेतो. त्याच चॅनेलवर एमएल लावा. समजा प्रत्येक स्ट्रीम नुसता अधिक १ किंवा उणे १ पाठवतोय. (१, उणे १) पाठवलं तर पोचतं (०.१, उणे ०.१), आणि (उणे १, १) पाठवलं तर (उणे ०.१, ०.१). दोघांत अंतर ०.२८. स्वच्छ चॅनेलवर हेच अंतर किमान २ असतं, वर्ग काढा, तिथंही ५० पटच! चॅनेलच आजारी असेल तर एमएल काय जादू करणार. आणि खऱ्या नेटवर्कमध्ये असं चॅनेल दिसलं की फोन रँक (किती स्ट्रीम झेपतील तो आकडा) १ कळवतो, टॉवर एकच स्ट्रीम पाठवतो, भांडणच मिटलं.

अक्का_आरएफ:
अर्धंच सांगलालाव की हो. (१, १) पाठवलं तर पोचतं (१.९, १.९), त्याच्यापासून सगळ्यात जवळचा चुकीचा पॉइंट २.६९ वर आहे, तिथं एमएल आरामात ओळखतो. झीरो फोर्सिंग मात्र काहीही पाठवलं तरी ५० पट नॉइज खातो. चार शक्यतांपैकी दोन वाचल्या, हे थोडं आहे का? आणि रँक कळवायची गोष्ट म्हणाल तर रिसीव्हर चांगला असला तर तोच फोन रँक १ ऐवजी २ कळवू शकतो, स्पीड तिथंच वाढतो. शिवाय गाडी चालू असताना कळवलेला रँक टॉवरपर्यंत पोचून वापरला जाईस्तोवर चॅनेल बदललेलं असतं.

चिपवाला_सातरस्ता:
तुम्ही दोघं डीबीवर भांडताय, मी सिलिकॉनवाला, मला वेगळंच दुखतं. फाइव्हजीचा १०० मेगाहर्ट्झ घ्या, ३० किलोहर्ट्झ स्पेसिंग, ३२७६ सबकॅरिअर (बारीक फ्रिक्वेन्सी पट्ट्या), सेकंदाला २८,००० सिंबॉल. गुणाकार केला की सेकंदाला ९ कोटींच्या वर वेळा हेच कोडं सोडवायचं, आणि तेही बॅटरीवर. ६४-क्वॅमचे (एका सिंबॉलला ६४ शक्यता) चार स्ट्रीम असतील तर एमएलला दर वेळी १,६७,७७,२१६ कॉम्बिनेशन, २५६-क्वॅमला ४२९ कोटींच्या वर. म्हणून स्फिअर डिकोडर आला, क्यूआरनं चॅनेलचं मॅट्रिक्स त्रिकोणी करून झाडावर उतरत जायचं आणि आतापर्यंतच्या बेस्टपेक्षा लांब गेलेल्या फांद्या तोडायच्या. डोकेबाज आहे, मी नाही म्हणत नाही. पण कधी दहा नोडमध्ये सुटतो कधी हजारात, आणि हार्डवेअरला असला लहरी माणूस चालत नाही, डेडलाइन ठरलेली असते. त्यात २००५ साली याल्डेन आणि ओटरस्टेन यांनी सिद्ध केलंय की एसएनआर ठरावीक असेल तर सरासरी काम सुद्धा स्ट्रीमसोबत एक्स्पोनेन्शिअल वाढतं. एमएमएसईचं फिल्टर चॅनेल बदलेस्तोवर एकदाच काढून ठेवता येतं, सर्च मात्र प्रत्येक वेळी नव्यानं. करायचाच असेल तर के-बेस्ट करा, दर लेव्हलला ठरावीकच फांद्या ठेवायच्या. बेस्ट उत्तर कधीमधी हुकेल, पण वेळ ठरलेला.

शेंगाचटणी_९१:
हे सगळं ठीक, पण गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फोन लागत नाही ते या एमएमएसईमुळंच का?

चिपवाला_सातरस्ता:
नाही हो. तिथं हजारो फोन एकदम ॲक्सेस मागायला धडकतात आणि वाटायला रिसोर्सच उरत नाही. डिटेक्टरचा नंबर लागायच्या आधीच मामला फसतो.

न्यूरल_नव्यापेठेत:
२०२६ मध्ये झाडं काय चढताय, २०१७ लाच डेटनेट आलं, न्यूरल नेटवर्कनं डिटेक्शन.

अक्का_आरएफ:
आलं ना, आणि ट्रेनिंग आयआयडी गॉसियन चॅनेलवर, म्हणजे प्रत्येक अँटेनाजोडीचा आकडा स्वतंत्र रँडम. कोरिलेटेड, म्हणजे एकमेकांशी जुळणारे आकडे असलेलं चॅनेल दिलं की माती. टॉवरसमोर सगळे युजर एकाच दिशेला उभे राहिले की कोरिलेशन आलंच, आणि तिथं जुळेसोलापूरकरांचं ते आपोआप वेगळं पडणं पण ढिलं होतं, ते त्यांनी सोयीनं गाळलंय.

जुळेसोलापूरकर:
गाळलं नाही, शेड्युलर (कुणाला कधी पाठवायचं ते ठरवणारा) तसले युजर एकत्र घेतच नाही शक्यतो. माझा मुद्दा एवढाच की बेसलाइन म्हणून एमएमएसई नीट केल्याशिवाय स्फिअरला हात लावू नये. नुसता उघडा, म्हणजे कोडिंगशिवायचा, बिट एररचा ग्राफ काढून स्फिअर जिंकला म्हणायचं, ही आपल्या कॉलेजांची फॅशन. खऱ्या सिस्टिममध्ये पुढे एलडीपीसी, म्हणजे एरर दुरुस्त करणारा कोड, बसलेला असतो. एमएमएसईनं प्रत्येक बिटासोबत भरवसा किती तेही नीट कळवलं की खराब सबकॅरिअरचं कोड सांभाळून घेतो, मग गॅप उघड्या ग्राफइतका राहत नाही.

अक्का_आरएफ:
कमी होतो, संपत नाही. कोड रेट (एकूण बिटांत खऱ्या डेटाचा वाटा) वर नेला की परत उघडा पडतो.

चिपवाला_सातरस्ता:
मग पोराला सांगा चार बाय चार, कोरिलेशन लावून, एलडीपीसी सकट, एमएमएसई आणि के-बेस्ट दोन्ही सॉफ्ट आउटपुटवर (बिटासोबत भरवसाही कळवून) चालव, कोड रेट अर्धा आणि पाचषष्ठांश. सोबत दर व्हेक्टरला गुणाकार किती लागले तेही मोजायचं. सरांना ग्राफ दाखवायच्या आधी इथं टाक म्हणावं.